वालावलचा पाट

शनिवार, १२ जुलै. कुडाळ स्टेशनबाहेरची चहाची टपरी. हजर: ताई, मी आणि धाकटा भाऊ. प्रत्येकी पाच हजारप्रमाणे पंधरा हजार रुपये जमा झाले आणि नेहमीप्रमाणे माझ्या ताब्यात आले. आणखी एक जण हजर होता, पण त्याने वर्गणी दिली नाही. तो धाकट्याच्या मांडीवर होता, जांभळ्या रेशमी कापडात गुंडाळलेला आणि सुतळीने बांधलेला. तो म्हणजे आमच्या घरच्या गणपतीचा पाट.

आमच्याकडे गणपती विकत आणून टेबलावर ठेवत नाहीत. प्रत्येक घराचा एक पाट असतो. चतुर्थीच्या महिना-दीड महिना आधी तो गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा. शाळा म्हणजे मूर्ती घडवतात ती जागा. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती करतो, चतुर्थीला पाटासकट गणपती घरी येतो, विसर्जनानंतर पाट तेवढा परत येतो आणि पुढल्या वर्षापर्यंत थांबतो. मूर्ती दरवर्षी नवी, पाट मात्र तोच. त्यामुळे घरचा गणपती म्हणजे खरं तर पाटच, असं आमचे बाबा म्हणत.

बाबा गेले त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून वालावलचं घर बंद होतं. ताई सावंतवाडीला, मी कोल्हापूरला, धाकटा ठाण्याला. यंदा तिघांनी मिळून छप्पर दुरुस्त केलं आणि ठरवलं की गणपती पुन्हा वालावलला आणायचा. घर बंद करताना धाकट्याने पाट सोबत नेला होता म्हणून बरं. सोळा वर्षं त्याने तो सांभाळला होता आणि सुतकाचं वर्ष सोडून दरवर्षी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्याच पाटावर गणपती बसवला होता. हे तो आम्हाला दर अर्ध्या तासाने सांगत होता.

बेत दोन दिवसांचा होता. शनिवारी वालावल, मालवण आणि मुक्कामाला मिठबाव, रविवारी परत येऊन कुडाळजवळच्या शाळेत पाट द्यायचा. वाटेत नातेवाइकांना भेटायचं, ही ताईची भर. ती मुलांच्या शाळेत शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून तिने आमच्या वंशावळीचा मोठा कागद करायला घेतला आहे. खालचे सगळे चौकोन भरले होते. सगळ्यात वरच्या चौकोनात तिने सुवाच्य अक्षरात ‘मूळ पुरुष’ लिहून पुढे जागा सोडली होती.

गाडी माझी. ताईला मागे बसलं की मळमळतं, त्यामुळे पुढची सीट तिची. हा नियम मला कळायला लागल्यापासून चालू आहे आणि तिला खरोखर मळमळताना मी कधी पाहिलेलं नाही. धाकटा पाट घेऊन मागे बसला. मी म्हटलं, डिकीत ठेव.

“दादा, गणपतीचा पाट डिकीत?”

“गुंडाळलेला आहे ना?”

“तू बाबांना डिकीत बसवलं असतंस का?”

मी गाडी सुरू केली.

वालावलला शेजारी काका राहतात, बाबांचे चुलतभाऊ. घराची किल्ली त्यांच्याकडे असते. छपराचं काम त्यांनी रोज उभं राहून करून घेतलं होतं. गणपतीच्या कोनाड्याचं माप मी पुन्हा एकदा घेतलं. काका तोवर ताईला आमचं मूळ सांगत होते.

“मूळ पुरुष म्हंजे सरदार. घोड्यार बसान इलो. तलवार होती. खंय गेली ती म्हायत नाय.”

“कुठून आले काका?” ताईने पेन उघडलं.

“वयसून.” काकांनी हात सह्याद्रीकडे केला.

“घोडा घाटातून उतरवला?” धाकट्याने विचारलं.

“तेका खाली ढकललो नाय तर काय! सरदार तो, तुज्यासारको रिझर्वेशन करून येतलो?”

मग त्यांचं लक्ष धाकट्याच्या काखेतल्या गाठोड्याकडे गेलं. “ह्या काय रे?”

“आपला पाट. सोळा वर्षं सांभाळलाय.”

काकांनी गाठोड्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, मग पावसाकडे पाहिलं. “बरा बरा,” म्हणाले. “मिठबावाक जातास मां? मगे जावा. आत्येक भेटा आदी.” आणि विहिरीकडच्या माडाचे दोन नारळ आणून डिकीत टाकले. ते इतके घाईने का बोलले हे मला तेव्हा कळलं नाही. मी नारळ मोजून घेतले एवढंच.

मालवणला आमची एक काकू आहे, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिने दारातच माफी मागितली की पावसात दर्या बंद, ताजी मासळी नाही, तुम्हाला वाढू काय. मग तिने कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, सुक्या जवळ्याची चटणी, तळलेले खारे बांगडे, भात आणि सोलकढी वाढली. काही नाही म्हणून एवढं. काकांचा घोडा ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.

“घोडो खयचो? गलबत! आमचो मूळ पुरुष तांडेल. मस्कताक जाय. मालवणच्या बंदरात तेच्या शब्दाशिवाय शीड उभा रवत नाय होता.”

ताईने ‘सरदार’च्या पुढे तिरकी रेघ मारून ‘तांडेल’ लिहिलं. गाडीत धाकटा म्हणाला, “गलबतात घोडा होता असं लिहून टाक. दोघेही खूश.”

आचऱ्यावरून मिठबावला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. आत्याचं घर माडांच्या आत आहे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, आमच्या घरात आता सगळ्यात मोठी. ती पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. आम्हाला पाहून तिने सुरी खाली ठेवली नाही.

“इलास? तिगाय एकदम? कोणाचा लगीन आसा?”

“तुला भेटायला आलो, आत्ये.”

“पाय धुवा आदी.” मग माझ्याकडे बघून, “काय रे, पेट्रोलाची पावती घेतलंस मां? नायतर परत जा आचऱ्याक.”

पावती माझ्या खिशातच होती. सगळे हसले. मीही हसलो.

चहा झाला. आतेभाऊ कामाने रत्नागिरीला गेला होता. घरात आत्या आणि तिची सून, आमची वहिनी, दोघीच होत्या. वहिनीने घावणे टाकले. मग धाकट्याने गाठोडं पुढे घेतलं. त्याच्या मनात होतं की शाळेत देण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या हाताने पाटाला कुंकू लागावं. वहिनीकडून त्याने कुंकवाचा करंडा मागून घेतला, सुतळी सोडली, रेशमी कापड बाजूला केलं आणि पाट आत्यासमोर ठेवला. मुलगी दाखवायला आणावी तसा.

आत्याने चष्मा लावला. वाकून बघितलं. “ह्यो खंय गावलो तुका?”

“आपल्याच घरात. मागीलदारी, न्हाणीला लागून उभा होता. मी तेव्हाच ओळखला.” धाकटा सरसावून बसला. “या तीन खाचा बघ. अभिषेकाचं तीर्थ वाहून जायला आहेत. आमच्याकडे गणपतीला येतो त्या प्रत्येकाला मी दाखवतो.”

आत्याने सुरी खाली ठेवली.

“न्हाणीक लागान नाय रे मेल्या. न्हाणीतलोच तो! माज्या बापसाचो आंघोळीचो पाट!”

“पण या खाचा...”

“साबणाचा पाणी जावक मारल्यो त्यो खाची! सुताराक मियाच बोलवन हाडलंय. बापूस म्हणी, पाणी सांचता, पाय सरता.”

वहिनी आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज चुलीपर्यंत जाऊन परत आला. ताई भिंतीला टेकून डोळे पुसत होती. मी धाकट्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर तो माझ्याशी पुढची सोळा वर्षं बोलला नसता. त्याने करंड्याचं झाकण लावलं.

“सोळा वर्षं,” तो म्हणाला. “रोज फूल वाहिलंय याला.”

“मगे काय बिघाडला?” आत्या म्हणाली. तिचंही पोट हलत होतं. “माजो बापूस दोन वेळा न्हाय. तेवढो सोवळो पाट आख्ख्या ठाण्यात गावाचो नाय. गणपती बसलो तर बरोच बसलो.”

हसू ओसरायला वेळ लागला. मग ताईने विचारलं, “आत्ये, मग खरा पाट कुठे आहे?”

“आसा.”

“कुठे?”

“हयसरच आसा.” तिने आठळ्यांची टोपली जवळ ओढली. “कित्याक व्हयो?”

“यंदा वालावलला गणपती आणतोय,” धाकटा म्हणाला. “छप्पर केलं. उद्या शाळेत पाट द्यायचा म्हणून तर आलो.”

“हाडतास? वालावलाक?” आत्याने माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. आम्ही तिघेही मान हलवत होतो. तिने थोडा वेळ वाट पाहिली, कसली ते मला समजलं नाही. मग “बरा केलास” म्हणून टोपली उचलली आणि आत गेली.

ती कशाची वाट पाहत होती ते आम्हाला वहिनीने सांगितलं. ती भांडी उचलायला बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, “भावजी, तुमका खरोच म्हायत नाय?”

बाबा गेले त्या वर्षी आमच्या घरात सुतकामुळे गणपती नव्हता. आत्या बाराव्याला वालावलला होती. परत निघताना तिने काकांना विचारून पाट उचलला आणि एसटीने मिठबावला आणला. माहेरचा गणपती एक वर्षही चुकता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं. पुढल्या वर्षी भाचे नेतील असं तिला वाटलं. भाचे आले नाहीत. भाच्यांना वाटत होतं की पाट ठाण्याला आहे. काकांना वाटत होतं की आम्हाला सगळं माहीत आहे. म्हणून दर चतुर्थीला या घरात दोन गणपती बसतात. मधोमध सासरचा, मोठा. उजव्या कोपऱ्यात माहेरचा, लहान. सुरुवातीला वाडीतले चिडवायचे की म्हातारीने देव पण हुंड्यात आणला. आता घराला ‘दोन गणपतींचं घर’ म्हणतात आणि त्यातही कौतुकच असतं.

“माका काय जड नाय,” वहिनी म्हणाली. “एकवीस मोदक नायतर बेचाळीस, हात तेच. पण एक सांगू? चतुर्थीच्या आदी आई खळ्यात जावन बसतत. कोणाचो फोन वाजलो की इचारतत, वालावलाचो काय? घर बंद आसा ता तेंका म्हायत आसा. तरीय इचारतत. माहेराक गणपतीक जावचा, आवतण इल्याबगर जावचा नाय, ह्या तेंचा ठरलेला. सोळा वर्सां कोणी आवतण देवक नाय. आता तुमी पाट घेवन गेलात, तर हयसरचो कोपरो रिकामो आणि थयसून बोलावणा नाय. मगे तेंका रवला काय?”

ती भांडी घेऊन आत गेली. आम्ही तिघे पडवीत बसून राहिलो. आवतण म्हणजे साधं आमंत्रण. पण आमच्या भागात माहेरवाशिणीला ते तोंडाने, घरी येऊन द्यावं लागतं. तेवढंच आम्ही दिलं नव्हतं. आम्ही पाट मागायला आलो होतो.

इथे मी एक गोष्ट केली जी मला अगदी योग्य वाटली होती. आत्या बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, “आत्ये, सोळा वर्षं तू आमच्या घरचा गणपती केलास. मूर्ती, नैवेद्य, सगळा खर्च तुझा. तू सांग, नाहीतर मी अंदाज काढतो. आम्ही तिघे वाटून देऊ.”

ताईने डोळे मिटले.

“काय म्हटलंस?” आत्याने कमरेवर हात ठेवले. “मिया काय गणपतीची खानावळ घातलंय? सोळा वर्सांचा बिल फाडूक? तू ल्हान असताना माज्या मांडयेर बसान तीन वेळा मुतलंस, तेचो हिशोब कर आदी!”

धाकट्याचा मूड एकदम सुधारला.

ताईने वेळ सावरायला वंशावळीचा कागद पसरला. “आत्ये, तू तरी सांग. काका म्हणतात सरदार, काकू म्हणते तांडेल. आपला मूळ पुरुष कोण?”

आत्या खाली बसली. कागदाकडे बघून म्हणाली, “पुरुष नाय गो. मूळ बायलमाणूस.”

“म्हणजे?”

“वालावलाचा घर एका चेडवाचा. तिच्या बापाशीक झील नाय. हय किनाऱ्यावयलो एक झील होडयेत नारळ घालून खाडयेन वर इकूक गेलो. नारळ इकले, आणि तो थयच रवलो. घरजावई! ना घोडो, ना गलबत. एक होडी, ती पण दुसऱ्याची. माज्या आजयेन माका सांगल्यान.”

“म्हणजे मुलगी त्या घरची आणि मुलगा बाहेरचा? तो कुठल्या घरचा?”

“घरजावयाचा मूळ कोण इचारता? नारळ बरे होते, इतक्याच म्हायत आसा.” मग ती थांबली. “घर तिचा. गणपती तिचो. पाट तिच्या बापाशीचो. घोवान आपला आडनाव लावल्यान, इतक्याच. चेडवान राखलो म्हणान तुमचो गणपती रवलो.”

ताईने ‘मूळ पुरुष’ हे शब्द खोडले. घोडा आणि गलबत दोन्ही खोडलं. वरच्या चौकोनात काय लिहायचं तिला कळेना, कारण त्या मुलीचं नाव आत्यालाही माहीत नव्हतं. शेवटी तिने ‘मुलगी, वालावलची’ असं लिहिलं.

तोवर आत्या आत जाऊन पाट घेऊन आली. जुन्या मऊ लुगड्यात बांधलेला होता. फणसाचं लाकूड, काळपट झालेलं. कडांना कुंकवाचे थरावर थर, कोपऱ्यांत मातीचे वाळलेले कण. शेजारी धाकट्याचा पाट इतका स्वच्छ दिसत होता की काही विचारायची गरजच नव्हती. आत्याने पाट मांडीवर घेतला.

“न्हेवा,” ती म्हणाली. “तुमचोच आसा.” पण दोन्ही हात पाटावरच होते.

ताईने मला कोपराने ढोसलं. मी उठलो, गाडीकडे गेलो आणि डिकीतून एक नारळ आणला. आमच्या घरात आता थोरला भाचा मीच, म्हणून हे माझंच काम होतं. आत्यासमोर बसलो. असल्या वेळी काय बोलतात ते मला येत नाही.

“आत्ये, चतुर्थीला वालावलला यायचं. आवतण द्यायला आलोय.”

“आवतण देवक इलस?” तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मगाशी तर पाट मागूक इल्लंस.”

“दोन्हीसाठी आलो.”

“आदी खयचा?”

“आधी आवतण.”

“मगे उलटा कित्याक केलस?”

“सवय नाही, आत्ये,” धाकटा मागून म्हणाला. “तो आधी रक्कम विचारतो.”

आत्याने नारळ घेतला. कानाशी नेऊन हलवून बघितला. “खयचो?”

“आपल्या घरचा. विहिरीकडच्या माडाचा.”

“वाकडो तो?”

“तोच.”

“त्या माडाक मिया पाणी घातलंय,” ती म्हणाली. “कळशेन.” आणि नारळ पाटावर ठेवला. मग पदराने चष्मा पुसला, जो अजिबात धुरकट नव्हता.

त्यानंतर तिचा आवाज पूर्वीसारखा झाला आणि अटी सुरू झाल्या. गणपती गौरींसोबत जाईपर्यंत ती राहणार. मधेच कोणी “आत्ये, गाडी लावू काय” म्हणायचं नाही. पंचखाद्य ती करणार. आरतीत धाकट्याने मोठ्याने गायचं नाही, त्याला सूर नाही हे तिला तो चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. आणि पाट ती स्वतःच्या हाताने शाळेत देणार, उद्याच.

“उद्या? मग परत कधी?” मी विचारलं.

“इलंय की चार दीस काकाकडे रवतलय. माहेर बघूक नको?”

वहिनी आतून म्हणाली, “यंदा एकवीसच मोदक हां! आई, बरा केलात.” मग ती एक कापडी पिशवी घेऊन आली. त्यात दोन लुगडी, पंचा, औषधाची डबी आणि जपाची माळ होती. ही पिशवी दर श्रावणाआधी भरली जाते आणि विसर्जनानंतर रिकामी होते, असं वहिनीने सहज सांगितलं. आत्या तिच्यावर डाफरली, “सगळा सांगूचाच आसा तुका!”

रविवारी सकाळी निघताना नवा प्रश्न आला. आत्या पाट घेऊन सरळ पुढच्या दाराशी उभी राहिली. ताईने तोंड उघडलं.

“मला मागे मळमळतं,” ती म्हणाली.

“नाय तुका मळमळत,” आत्या म्हणाली. “तुज्या आवशीक पण नाय मळमळत होता. तीय पुढेच बसान जाय.”

ताई मागे बसली. कुडाळपर्यंत तिला काही झालं नाही. मी आरशातून दोनदा पाहिलं. वाटेत आत्या मान न वळवता तिला म्हणाली, “गो, माज्या मागसून ह्यो पाट तू बघ. हे दोगे गणपतीक न्हाणीत बसवतीत.” ताई म्हणाली, “बघीन.” एवढंच बोलणं झालं. पण मला वाटतं वंशावळीच्या कागदापेक्षा ताईला तेच जास्त आवडलं.

शाळेत पन्नासएक पाट भिंतीला लावून उभे होते. काहींवर मूर्ती अर्ध्या झाल्या होत्या. मूर्तिकाराने आत्याच्या हातून पाट घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, केवढा? आत्याने हाताने दाखवलं, एक वीत आणि वर चार बोटं. मी सेंटिमीटर सांगणार होतो, पण थांबलो. पाटावर नारळ, विडा आणि विसार म्हणून एक हजार एक रुपये ठेवले. आंघोळीच्या पाटाला धाकट्याने परत रेशमी कापडात बांधलं. तो ठाण्याला तसाच गणपती बसवणार आहे. फक्त खाचांबद्दल पाहुण्यांना आता वेगळी गोष्ट सांगावी लागेल.

आत्याला वालावलला काकांच्या दारात उतरवलं. काका तिला बघून आधी हसले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, “काल मिया बोलतलय होतंय. पण म्हटलंय, रेशमी कापड बघून धीर होयना.”

निघायच्या वेळी आत्या गाडीच्या खिडकीशी आली आणि माझ्यापुढे हात पसरला.

“काय?”

“मोदकांचे पैशे नाय मागतंय. माजो मान दी. गणपती पोचवन घराक निघालंय की बापूस माका सव्वा रुपयो देय. बापूस गेलो, मगे भाव देय. एक वर्स चुकाक नाय. आता सोळा वर्सांचो रवलो आसा.”

सोळा वर्षं, दरसाल सव्वा रुपया. मी कधी नव्हे इतक्या आनंदाने गुणाकार केला. बरोबर वीस. ना सुटे, ना बाकी. मी वीस रुपयांची एक नोट काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती दोन्ही बाजूंनी बघितली, घडी घातली आणि कनवटीला खोचली.

“आणि यंदाचो?”

“यंदाचा गणपतीत.”

“सव्वोच व्हयो. वर नको, खाली नको. चार आणे खंयसून हाडतलस ता तू बघ.”

ते मी दीड महिना बघत होतो. चार आण्याचं नाणं आता कोणी घेत नाही आणि कोणाकडे सापडतही नाही. बँकेतल्या माणसाने माझ्याकडे काळजीने पाहिलं. अखेर ते काकांच्या देव्हाऱ्यात, तांदळाच्या वाटीत सापडलं. काकांनी मोबदल्यात एक रुपया घेतला. म्हणाले, सरदाराच्या घरातलं नाणं आहे.

गणपती गौरींसोबत गेला. पाट खाडीत धुऊन परत कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मिठबावला निघाली तेव्हा तिच्या हातावर ठेवले: एक रुपया आणि चार आणे. घेणार: आत्या, वालावलची.